उलटी बाजू

मोठ्या माणसांची चरित्रे निघतात, चौकात त्यांचे पुतळे उभे राहतात, रस्त्यांना त्यांची नावे मिळतात. मिलमध्ये बेचाळीस वर्षे साचे चालवून घरी बसलेल्या माणसाचे चरित्र कोण लिहिणार? आमच्या बाबांचे लिहायला घेतले, तर ते चार ओळींत आटोपते. जन्म १९३१, नागपूर, गांधीबाग. १९४९ साली एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात बदली कामगार म्हणून लागले. १९९१ साली निवृत्त झाले. २०१४ साली गेले. मधल्या वर्षांत काय घडले म्हणाल, तर भोंगा झाला की डबा घेऊन गेले आणि पाळी सुटली की परत आले.

घडी घातलेले कापड वरून असेच दिसते. पण बाबांना एक सवय होती. त्यांच्या हाती कोणतेही कापड द्या, मग ते शेजारणीचे नवे लुगडे असो की माझ्या शाळेच्या चड्डीचे कापड, ते आधी त्याची उलटी बाजू पाहत. मग चिमटीत धरून उजेडाकडे नेत, आणि त्यानंतरच मत देत. "सुलटी बाजू दुकानदाराची असते, पोरा," ते म्हणत. "विणणारा कसा होता, ते उलट्या बाजूनं समजते." त्यांच्या या सवयीचाच आधार घेऊन आज चार शब्द लिहीत आहे.

गांधीबाग म्हटली की नागपूरच्या माणसाला कापडाचा ठोक बाजार आठवतो. हातगाड्यांवरून चाललेले गठ्ठे, पांढऱ्या गादीवर बसलेले व्यापारी आणि हवेत नव्या कापडाच्या खळीचा वास. त्या बाजाराच्या मागच्या एका गल्लीत आमचे घर. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आणि त्यावर आबाजींचा हातमाग. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. नागपुरी लुगडी आणि रेशीमकाठी धोतरे फार पूर्वीपासून नावाजलेली. आबाजींच्या मागावरून उतरलेले लुगडे बाजारात न सांगता ओळखू येई, असे आई सांगे. आजी कांड्या भरी, मुले ताणा लावायला मदत करीत. सारे घर त्या एका मागाभोवती फिरे.

अशा घरातला थोरला मुलगा अठराव्या वर्षी म्हणाला, "आबाजी, मी मिलमध्ये जातो." आबाजींना ते कसे रुचावे? "ज्यानं आपलं ताट ओढलं, त्याच्याच दारी उभा राहतो काय?" एवढेच ते बोलले, आणि त्यानंतर सव्वा वर्ष बापलेकांत अबोला होता.

आबाजींच्या रागाला जुना इतिहास होता. जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. कापडाच्या गिरण्या म्हणजे मुंबई, असे तेव्हाचे समीकरण. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. कापूस इथल्या शेतांत पिकत होता आणि रेल्वे १८६७ सालीच नागपुरात येऊन पोहोचली होती. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन त्यांनी घेतली आणि भर घालून ती बांधण्याजोगी करायला सुरुवात केली. ते पाहून इथला एक सावकार म्हणाला, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, याला कर्ज कोण देणार? पुढे त्याच सावकाराने कबूल केले, की त्याने माती घातली आणि सोने काढले. ही गोष्ट जमशेटजींच्या चरित्रांतून नेहमी सांगितली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, म्हणून मिलचे नाव एम्प्रेस. कारभार सोपवला बेझनजी मेहतांवर. हे गृहस्थ रेल्वेच्या मालखात्यातले, गिरणीधंद्याचा त्यांना गंध नव्हता. पण त्यांनी ती अशी चालवली, की आज नागपुरात बेझनबाग त्यांच्या नावाने उभी आहे. मजुरांसाठी १८८६ साली निवृत्तीचा निधी निघाला, १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. सरकारी कायदा यायला १९२३ साल उजाडावे लागले.

ही झाली सुलटी बाजू, आणि ती खोटी नाही. बाबांनाही तिचा अभिमान होता. पण सुरुवातीच्याच त्या तीस हजारांच्या आसपास चात्या आणि साडेचारशे माग कोणी चालवले? नागपूरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या शेकडो हातांनी. त्यांची नावे हजेरीपटावर चढली आणि हजेरीपटाबरोबरच गेली. आणि मिलचे स्वस्त कापड बाजारात आल्यावर गल्लीगल्लीतले हातमाग एकेक करून मुके होत गेले, हीही त्याच कापडाची उलटी बाजू. आमच्या घरात तर दोन्ही बाजू एकाच छपराखाली जेवत होत्या.

तो अबोला कसा सुटला, ते आईने कितीदा तरी सांगितले आहे. एका रविवारी आबाजी मागावर बसले असताना ताण्याचे सूत तुटले. आबाजींची नजर तेव्हा मंद होऊ लागली होती. बाबा पलीकडे बसले होते. ते उठले, खाली वाकले आणि एका हाताने, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, गाठ मारून मोकळे झाले. ती गाठ इतकी बारीक, की फणीतून अलगद निघून गेली. मग हळूच म्हणाले, "आबाजी, हे सूत मिलचंच आहे." खरेच होते ते. हातमागाचे विणकर मिलमध्ये कातलेलेच सूत विकत आणून विणत होते. ज्या मिलने हातमागाचे गिऱ्हाईक नेले, तिच्याच सुतावर उरलेले हातमाग जगत होते. आबाजी कितीतरी वेळ त्या गाठीकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "गाठ बरी मारतोस." आमच्या घरात याहून मोठी शाबासकी कोणी कोणाला दिल्याचे ऐकिवात नाही.

मिलमध्ये पहिली काही वर्षे बाबा 'बदली' होते. म्हणजे रोज सकाळी दाराशी जाऊन उभे राहायचे. कोणी कायम कामगार गैरहजर असला, तर जॉबर बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम. नाहीतर डबा तसाच घरी. कायम झाल्यावर आधी दोन आणि पुढे चार साचे त्यांच्याकडे आले. साच्याचा धोटा मिनिटाला दीडदोनशे वेळा इकडून तिकडे धावतो. चार साच्यांचे चार धोटे धावत असताना कुठला धागा तुटला, कुठली कांडी संपत आली, हे तुटण्या-संपण्याच्या आधी कळावे लागते. "कानानं नाही, पायानं समजते," बाबा सांगत. जमिनीतून येणारी थरथर जरा बदलली, की त्यांची मान आपोआप वळे.

सुताचा नंबर हे बाबांचे आवडते प्रकरण. आम्हा मुलांना गणिताची गोडी लागली ती त्यामुळेच. आठशे चाळीस वारांची एक लडी धरायची आणि एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील, तितका त्या सुताचा नंबर. चाळीस नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात चाळीस लड्या. बाबा पाटीवर गुणाकार करायला लावत: तेहतीस हजार सहाशे वार. मग मैल करायला लावत: एकोणीस मैलांहून थोडे जास्त. मग विचारत, "आता सांग, गांधीबागेतून हा धागा सोडला तर कुठवर जाईल?" धाकटी बहीण उड्या मारत ओरडे, "कामठीला जाऊन परत येईल!" "परत यायला मैलभर कमी पडते," बाबा गंभीरपणे म्हणत, "तेवढं पायी यावं लागंल."

साच्यांच्या गजरात काम करणाऱ्यांचे कान हळूहळू मंद होतात. हे जगभर चालत आले आहे. लँकेशायरमधले विणकरही एकमेकांशी ओठ हलवून आणि खुणा करून बोलत. बाबांनाही ओठ वाचण्याची विद्या चांगली साधली होती, आणि ती आम्हा मुलांना फार महागात पडे. रातपाळी करून ते दिवसा झोपले, की आई आम्हाला दटावी, "हळू बोला, बाबा झोपले आहेत." आम्ही कुजबुजत खेळत असू. पुढे मोठेपणी लक्षात आले, की ज्या माणसाला नीट ऐकू येत नाही त्याच्यासाठी आम्ही इतकी वर्षे कुजबुजत होतो. पण बाबा जागे झाले, की मग खैर नसे. ओट्यावर बसून ते समोरच्या घरातल्या दोन बायकांचे बोलणे ओठांवरून वाचत आणि आत येऊन आईला सांगत, "तुझ्या वाटीभर साखरेची आठवण निघून राहिली तिकडं." आई कपाळाला हात लावी आणि साखर पोहोचती करी.

मिलमधले बाबांचे जिवलग मित्र म्हणजे रिंग खात्यातले एक गृहस्थ. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. काकाजी तरुणपणी परगावच्या एका गिरणीत होते. तिथे त्यांना विणाई खात्यात जायचे होते; विणाईला मजुरी जास्त. पण घेतले नाही. कारण वाचले म्हणजे आजच्या मुलांना खरे वाटणार नाही. धोट्यातली कांडी संपली, की नवी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी तेव्हाची रीत. तोच धोटा दुसऱ्या पाळीला दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना विणाई खात्याचे दार बंद. मुंबईच्या गिरण्यांत हेच चाले. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आपण ज्या कामाचा अभिमान बाळगतो, त्याची ही उलटी बाजू बाबांना काकाजींकडून कळली. बाबा त्यावर काही बोलल्याचे कोणाला आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरून निघताना डब्यात दोघांपुरती भाकर न्यायला सुरुवात केली, आणि काकाजींच्या डब्यातला ठेचा ते त्यांच्याच बोटांनी वाढून घेऊ लागले.

१४ ऑक्टोबर १९५६. दसरा होता आणि वारही रविवार. नागपुरात लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला जमले. काकाजीही गेले होते. संध्याकाळी ते नव्या पांढऱ्या सदऱ्यात आमच्या घरी आले. त्या काळी आमच्या गल्लीत ही साधी गोष्ट नव्हती. आजी दाराआडून पाहत होती, शेजारी ओट्यांवर येऊन उभे होते. आबाजी मागावर होते. बाबांनी काकाजींना हाताला धरून आत आणले आणि मागाजवळच्या पाटावर बसवले. मग सवयीने त्यांच्या सदऱ्याचा घोळ चिमटीत धरला, उलटा केला, दिव्याकडे नेला आणि म्हणाले, "चांगलं आहे. टिकंल." काकाजींच्या डोळ्यांत पाणी आले. आबाजी मागावरून उठले आणि आजीला म्हणाले, "पाहुण्याले पाणी दे." मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण आईच्या तोंडून हा प्रसंग इतक्यांदा ऐकला आहे, की तो दिवा आणि तो सदरा मला दिसतो.

आता थोडे दिवाळीचे. बोनस झाला, की बाबा एकाच दुकानात जात आणि एकच अख्खा ताका आणत. अख्खा ताका स्वस्त पडे, आणि शिवाय तो बाबांनी उलटासुलटा करून, भिंगाखाली इंचातले धागे मोजून पारखलेला असे. मग त्या एका ताक्यातून आम्हा तिन्ही भावांचे सदरे, बहिणींची परकर-पोलकी, आणि उरलेल्यातून उशांचे अभ्रे निघत. दिवाळीच्या पहाटे आम्ही सगळे एकाच निळ्या पट्ट्यांत अंगणात उभे राहिलो, की गल्लीतली मुले ओरडत, "बँडवाले आले!" आम्ही रडवेले होऊन आईकडे जात असू. बाबा मात्र खुशीत असत. "पुढच्या दिवाळीला पाहजो," ते म्हणत. पुढच्या दिवाळीला बँडवाले म्हणणाऱ्यांचे सदरे विरलेले असत आणि आमचे तसेच असत. फक्त थोरल्याचा माझ्या अंगावर आलेला असे.

बाबांनी आम्हा मुलांना मिलमध्ये कधी नेले नाही. "तुम्हाला काय पाहायचं आहे, शाळेत पाहा," म्हणत. थोरली ताई शिक्षिका झाली, त्या दिवशी त्यांनी तिला सुती साडी आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटी न पाहता तिच्या हाती दिली. ताईनेच ती उलटी करून पाहिली. बाबा हसले.

निवृत्तीनंतर त्यांचे हात रिकामे झाले. सकाळी ते बाजारात चक्कर मारीत आणि ओळखीच्या दुकानांत बसत. त्यांच्या बोटांची कीर्ती व्यापाऱ्यांना ठाऊक होती. एकाने त्यांना माल पारखायला ठेवून घेतले. महिन्याचे चार पैसे सुटत. वर्षभराने एक मोठी खेप आली, शाळेच्या मुलांच्या गणवेशांसाठी. बाबांनी उलटी बाजू पाहिली आणि म्हणाले, "शेठजी, यात सूत कमी आन् खळ जास्त आहे. दोन धुण्यांत जाळी होईल." शेठजी म्हणाले, "काकाजी, तुम्ही फक्त बरं म्हणा, बाकीचं मी पाहतो." बाबांनी चष्मा आणि भिंग खिशात घातले आणि घरी आले. त्या महिन्यात आईच्या औषधाचा खर्च वाढलेला होता. तिने विचारले, "थोडं दमानं घेतलं असतं तर?" बाबा म्हणाले, "पोट्ट्यांच्या अंगावर जाणार होतं नं ते." यापुढे घरात त्याविषयी बोलणे झाले नाही.

एम्प्रेस मिल १९८६ साली टाटांच्या हातून महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. बातमी आली त्या दिवशी बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि ते गांधीसागराच्या काठाने एकटेच फिरून आले. पुढे त्या जागेवर एम्प्रेस मॉल उभा राहिला. २०१२ साली माझी मुलगी पहिल्या पगारातून आजोबांना सदरा घ्यायला त्यांना तिथेच घेऊन गेली. मला धास्ती होती, की म्हाताऱ्याला तिथे कसे वाटेल. थंडगार हवा, चकचकीत फरशी. बाबांनी सदरा हातात घेतला आणि सगळ्यांदेखत उलटा केला. दुकानातली मुलगी हसू दाबत उभी होती. त्यांनी शिवण पाहिली, सूत पाहिले आणि विचारले, "कुठं बनलं हे?" लेबलावर बांगलादेश लिहिले होते. "बरं केलं आहे," बाबा म्हणाले. "तिकडंही कोणी भोंग्यावर उठत असंल."

पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवण्याचे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक तरुण मुली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते. बाबांनी माझ्याकडून ती बातमी दोनदा वाचून घेतली. मग कपाटातून तो सदरा काढला, उलटा करून शिवणीवरून बराच वेळ बोट फिरवीत बसले. पुन्हा नीट घडी घातली. तो सदरा ते नंतरही घालत. पण वाळत घालताना, खुंटीला अडकवताना, त्याला असे जपत, की जणू तो कोणाची ठेव आहे.

बाबांनी बेचाळीस वर्षांत किती वार कापड विणले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ते कोणाच्या अंगावर गेले, कोणाच्या बाळंत्यांना, कोणाच्या पालखीला आणि कोणाच्या तिरडीला लागले, ते कळायची सोय नाही. कापडाच्या काठावर मिलचा छाप असे, विणणाऱ्याचे नाव नसे. आबाजींचे लुगडे निदान बाजारात ओळखले जाई; बाबांचे तेही नाही. याची त्यांना कधी खंत वाटली का, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "घालणाऱ्याले ऊब लागली नं? मग नाव काय करायचं आहे?" त्यांनी स्वतःपुरते असे म्हणणे त्यांना शोभून दिसले. आपण, म्हणजे कापड घालणाऱ्यांनी, तसे म्हणू नये, असे मला वाटते.

बाबा गेले तेव्हा शेवटचे कापड आणायला मी बाजारात गेलो. दुकानदाराने गठ्ठा सोडला, आणि काही सुचत नसताना माझे हात त्या पांढऱ्या कापडाची उलटी बाजू पाहत होते. विण घट्ट होती, कुठे गाठ नव्हती. ज्याने कोणी विणले, त्याने मन लावून विणले होते.

वाचकहो, या दिवाळीला घरोघरी नवे कपडे येतील. मुलांच्या हाती ते देण्याआधी एकदा उलटे करून त्यांना दाखवा. हा धागा कोठून आला, याच्यामागे कोण कोण उभे राहिले असेल, ते त्यांना विचारा. मुले उत्तर शोधून काढतील. नाही सापडले तरी विचारायची सवय लागेल. दिवाळीच्या शुभेच्छा.